एसएमपीएस बदलल्यावर एक पावसाळा, एक लग्नसराई: आपोआप बंद पडणाऱ्या डेस्कटॉपचा अनुभव

नवा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बसवल्यावर एक अख्खा पावसाळा गेला आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराईही निम्म्याच्या वर सरली. बेळगावजवळच्या खानापुरातला पावसाळा आणि डीटीपीवाल्याची लग्नसराई या दोन्हींतून जी वस्तू धड बाहेर येते, तिच्याबद्दल लिहायला हरकत नाही. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘एकदम झकास, पाच स्टार’ लिहिणाऱ्यांचं मत या वस्तूच्या बाबतीत मी धरत नाही. नवा असताना जवळजवळ प्रत्येक एसएमपीएस चांगलाच चालतो.

मशीन साधं आहे. इंटेलचा आय-फाइव्ह १०४००, १६ जीबी रॅम, एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. काम म्हणजे लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांचे अर्ज, मराठी आणि कन्नड दोन्हींतले फलक. श्रीलिपी आणि नुडी ही मराठी आणि कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअरं एकाच मशीनवर. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा कर्नाटकचा कायदा २०२४ मध्ये आल्यापासून पाट्यांची डिझाइन्सही बरीच येतात. जोडीला एक लेझर प्रिंटर आणि ६०० व्हीएचा यूपीएस.

तक्रार अशी होती की मशीन चालता चालता फटकन बंद व्हायचं. विंडोज कोसळल्यावर येणारा निळा पडदा नाही, एरर नाही, आपोआप रीस्टार्ट नाही. पंखे थांबले, मॉनिटर काळा, संपलं. पुन्हा बटण दाबलं की बहुतेक वेळा सुरू व्हायचं. कधी मात्र बटणाला दादच द्यायचं नाही; मागचा स्विच बंद करून थोडं थांबावं लागायचं. दिवस दिवस काही नाही, आणि मग एका पत्रिकेचं प्रूफ काढेपर्यंत पुन्हा पुन्हा. हे सगळं ऐन मे महिन्यातल्या मुहूर्तांच्या तोंडावर.

आपल्याकडे अशा मशीनवरचे उपचार ठरलेले आहेत. आधी रॅम काढून खोडरबरानं पुसायची. मग विंडोज मारायची. बेळगावात एका दुकानात दाखवलं तर काउंटरवरचा पोरगा मशीन न उघडताच म्हणाला, “फॉरमॅट मारूया की सर, व्हायरस आसंल.” मी म्हटलं, “अरे बाबा, व्हायरस करंट कापतोय व्हय?” तो हसला, पण फॉरमॅटचाच आग्रह धरून राहिला. रॅम पुसण्याला माझा विरोध नाही. पावसाळी हवेत तिच्या पिनांवर मळ धरतोच. पण रॅम बिघडली की बहुधा निळा पडदा येतो, मशीन रीस्टार्ट होतं, नाहीतर सुरूच होत नाही. दिवा विझावा तसं मशीन विझलं तर बोट विजेकडे जातं.

म्हणून मशीन बंद कसं पडतं ते आधी बघावं, स्क्रू नंतर काढावेत. विंडोजमध्ये एक सेटिंग असतं, ज्यामुळे निळा पडदा दिसायच्या आत मशीन रीस्टार्ट होऊन जातं. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढायची. नंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टीम. तिथं कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडते. ती बघून लोक घाबरतात, पण तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. कामाची गोष्ट तिच्या डिटेल्समध्ये असते. बगचेककोड शून्याव्यतिरिक्त काही असेल तर निळा पडदा येऊन गेलेला असतो. हा आकडा दशमान पद्धतीत असतो. शोधण्याआधी तो हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) करून घ्यावा, नाहीतर भलतीच माहिती हाती लागते. पॉवरबटनटाइमस्टॅम्प शून्य नसेल तर कुणीतरी किंवा कशानं तरी बटण दाबून धरलं होतं. हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. कॅबिनेटचं बटण दबून अडकलं की सुमारे चार सेकंदांत मशीन बंद होतं. अशा वेळी मदरबोर्डवरून बटणाची वायर काढून ठेवायची, स्क्रूड्रायव्हर दोन पिनांना क्षणभर टेकवून मशीन सुरू करायचं आणि दिवसभर चालवून बघायचं. खर्च काही नाही. माझ्याकडे दोन्ही आकडे शून्य होते. विंडोजला काही कळायच्या आत करंट गेलेला.

उष्णतेची शंका लवकर मिटली. झेरॉक्स-प्रिंटिंगच्या दुकानात कागदाची भुकटी कूलरच्या पात्यांत चिकटून बसते, त्यामुळे ती बघायलाच हवी होती. पण या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसची आहे. तिच्या जवळ गेल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, पंखा बोंबलायला लागतो, आणि तरीही नाही भागलं तर मशीन बंद होतं. लगेच पुन्हा सुरू केलं तर आधीपेक्षाही लवकर बंद पडतं. माझ्या मशीनचं तापमान मोठी फाइल एक्सपोर्ट करतानाही सत्तरीच्या आसपासच राहिलं. कूलर साफ केला, पेस्ट नवी लावली. मशीन थंड झालं आणि पूर्वीसारखंच बंद पडत राहिलं.

धागा सापडला तो प्रिंटरमुळे. बराच वेळ स्वस्थ बसलेल्या प्रिंटरला प्रिंट दिली की यूपीएस ‘टक्’ करायचा आणि कधीकधी त्याच क्षणी मशीन जायचं. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर वितळवून बसवणारा फ्यूजर असतो. तो तापताना काही क्षण हजार वॉटच्या घरात करंट ओढतो. आमचा प्रिंटर आणि यूपीएस एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते, भिंतीतली वायरही जुनी, बारीक. फ्यूजर पेटला की बोर्डवरचं व्होल्टेज खाली यायचं, यूपीएसला वाटायचं लाईट गेली, आणि तो बॅटरीवर जायचा.

इथं दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. साध्या, म्हणजे लाईट गेल्यावरच बॅटरीवर उडी मारणाऱ्या लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसला बॅटरीवर जायला साधारण चार ते दहा मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात मशीनला वरून काहीच मिळत नाही. ते चालतं एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या दमावर. चांगल्या एसएमपीएसनं पूर्ण लोडवरही सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरायचा असतो. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. कपॅसिटर उष्णतेनं वाळत जातात आणि दम कमी होत जातो. तो यूपीएसच्या दहा मिलिसेकंदांच्या खाली आला की यूपीएस ठणठणीत असूनही मशीन बंद पडतं. समोरचा किराणावाला ‘करंट होत्री’ (लाईट गेली) म्हणायच्या आत.

ही नुसती समजूत नाही हे बघायला साठ वॉटचा पिवळा बल्ब पुरतो. यूपीएसला मशीनऐवजी बल्ब लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. बल्ब किंचित लवला, चालू राहिला. म्हणजे यूपीएसची बॅटरी जिवंत होती. मग मशीन लावून तेच केलं, तर मशीन गेलं. शेवटी मित्राच्या मशीनचा एसएमपीएस काढून आणला आणि जोडला. आता बटण कितीही खालीवर केलं तरी मशीन चालूच. अशा कामात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रिंटर हलवला, बॅटरी बदलली, एसएमपीएस घातला असं एकाच दिवशी केलं तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही.

मल्टिमीटरही लावला होता. मशीन चालू असताना मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये १२ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६. लाल वायरला ४.७५ ते ५.२५. जुना एसएमपीएस जोर पडल्यावर ११.४ च्या खाली घसरत होता. पण मीटरवर आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. काही मिलिसेकंदांची खोट साध्या मीटरला दिसतच नाही. आणि हे सगळं बाहेरच्या कनेक्टरवर करायचं. एसएमपीएसचा डबा उघडू नये. लाईट काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. आमच्या ओळखीच्या एका दुकानातला एसएमपीएस उघडला तर आत पाल जळून बसली होती. डबा उघडायचं काम ज्यांना येतं त्यांच्यावर सोपवलेलं बरं.

जुन्या डब्यावर ‘५०० वॉट’ असं ठसठशीत छापलेलं होतं. खालच्या कोष्टकात बारा व्होल्टपुढे १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट वॉट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर, पंखे, ग्राफिक्स कार्ड सगळी बारा व्होल्टवरच जगतात, तेव्हा खरा माल तेवढाच. मोठा आकडा वाचून पैसे देणाऱ्यांसाठीच असे डबे निघतात, असं माझं मत झालंय. नवा घेतला तो साडेचारशे वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ, बारा व्होल्टवर ३६ अँपिअर, तीन हजारांच्या आसपास. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण ती दर वर्षी बदलतात. कोष्टक मात्र प्रत्येक डब्यावर असतं. ब्रॉन्झचा शिक्का म्हणजे निम्म्या लोडला ८५ टक्के कार्यक्षमता. दम किती धरतो आणि आतलं संरक्षण कसं आहे, हे त्या शिक्क्यातून कळत नाही. त्यासाठी वॉरंटी बघावी. एका वर्षाच्या वॉरंटीवर विकल्या जाणाऱ्या डब्याबद्दल कंपनीला स्वतःलाच काय वाटतं ते त्यातच आलं.

आता इतक्या महिन्यांनंतर. जून ते सप्टेंबरात जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस लागला की आमच्याकडे लाईटचं येणं-जाणं चालूच असतं. त्या सगळ्यात मशीन कारणाशिवाय बंद पडलेलं नाही. यूपीएस टक् टक् करत राहतो, कोरलड्रॉ चालू राहतो. बारा व्होल्टचा आकडा अधूनमधून बघतो, तो बाराच्या वरच असतो. पंख्याचा आवाज जुन्यापेक्षा बराच कमी. जुन्यातून येणारी गरम, करपट हवा बंद झाली.

उणं काय, तर केबल. प्रोसेसरची पॉवर केबल मदरबोर्डच्या मागून आणायला जेमतेम पुरली. मोठ्या कॅबिनेटला पुरणार नाही. केबल सुट्या होत नसल्यामुळे नको असलेल्यांचा गुंता कॅबिनेटच्या तळाशी बांधून ठेवावा लागला. दुसरं म्हणजे, यूपीएस बॅटरीवर असताना एसएमपीएसमधून बारीक घरघर येते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देत नाही आणि अॅक्टिव्ह पीएफसीच्या (लाइनमधून करंट नीट ओढणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसला ते फारसं रुचत नाही. काही जोड्या तर चालतच नाहीत. म्हणून घेताना दुकानदाराला म्हणावं, माझा यूपीएस आणतो, लावून दाखवा.

प्रिंटरला स्वतंत्र पंधरा अँपिअरचा सॉकेट काढून घेतला, जाड वायरसकट. लेझर प्रिंटर यूपीएसला तर कधीच लावू नये. वायरमन आलाच होता म्हणून अर्थिंगही बघून घेतली. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्या अर्थिंग धड नसल्यामुळेच होत्या. एसएमपीएसमधला फिल्टर अर्थिंग नसली की कॅबिनेटवर तो गळका करंट सोडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायला वायरमननं बजावून सांगितलंय. यूपीएसची बॅटरी पावसाळा संपताना दमली. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची नवी घातली. दोन-तीन वर्षांत ती जायचीच, त्याची तक्रार नाही.

ज्यांच्या मशीनमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी साडेचारशेवर थांबू नये, कार्डाच्या कंपनीनं सांगितलेला वॉट बघावा. मशीन फार जुनं असेल आणि विंडोज ११ घेत नसेल, तरी चांगल्या एसएमपीएसवरचा खर्च वाया जात नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशीन कधीतरी बदलावं लागेल. एसएमपीएस तेव्हा नव्या कॅबिनेटमध्ये बसतो. फक्त तयार, कंपनीचा छोटा डेस्कटॉप असेल तर निघण्याआधी झाकण उघडून बघा. कित्येकांत नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो, डब्याचा आकारही वेगळा असतो. आतला फोटो मोबाइलमध्ये काढून न्या, नाहीतर बेळगावची फेरी फुकट.