चीनच्या शेजारी राहायचं कसं: फिलिपिन्सची रीत आणि व्हिएतनामची

फिलिपिन्सने अमेरिकेचा हात उघडउघड धरलाय. १९५१चा संरक्षण करार आहेच, २०२३मध्ये अमेरिकी सैन्याला खुल्या तळांची संख्या पाचावरून नऊवर गेली. तरी दक्षिण चीन समुद्रातल्या वादग्रस्त खडकावर हक्क राखायला १९९९मध्ये मुद्दाम रुतवलेल्या ‘सिएरा माद्रे’ या गंजक्या जहाजावरच्या मूठभर सैनिकांना रसद पोचवताना चिनी जहाजांनी मारलेले पाण्याचे फवारे झेलावेच लागले.

व्हिएतनाम कुणाच्याच गोटात नाही. परक्यांना तळ नाही, लष्करी युती नाही. सप्टेंबर २०२३मध्ये हनोईत बायडन, डिसेंबरात शी जिनपिंग, सरबराई दोघांचीही. हा भाबडेपणा नव्हे, १९७९चं चिनी आक्रमण तिथे कुणी विसरलेलं नाही. मला हनोईची चाल जास्त मुरलेली वाटते. फक्त उद्या ठिणगी पडलीच, तर मदतीला येण्याचं लेखी वचन त्यांना कुणीच दिलेलं नाही.