मुरवलेला चुना : चिऱ्याच्या घराच्या गिलाव्यासाठी वापरून पाहिल्यानंतर

लांजा तालुक्यातील आमचे आजोळचे घर जांभ्या चिऱ्याचे आहे. गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही घरची पाच माणसे दर शनिवारी-रविवारी रत्नागिरीहून जाऊन ते स्वतःच दुरुस्त करत आहोत. पाचपैकी तीन खोल्यांचा गिलावा आता पूर्ण झाला आहे. त्यासाठी घाटावरच्या एका छोट्या विक्रेत्याकडून मागवलेल्या मुरवलेल्या चुन्याविषयी हे लिहीत आहे, कारण कोकणात अशी घरे असंख्य आहेत आणि त्यांच्या भिंतींना काय लावावे, हा प्रश्न प्रत्येक पावसाळ्यानंतर नव्याने उभा राहतो.

आमच्या भिंतींना पंचवीस वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केलेला होता. जांभा सच्छिद्र असतो, तो जमिनीतील ओल जोत्यातून वर ओढून घेतो आणि मोकळा राहिला तर ती वाऱ्यावर सोडूनही देतो. पण सिमेंटच्या घट्ट थरामागे ती ओल अडकली, वर चढत खिडकीच्या पातळीपर्यंत पोहोचली आणि तिच्याबरोबर आलेले क्षार थराच्या मागे साठून भिंतीला लोणा लागला. रंगाचे पोपडे दर वर्षी निघत होतेच. आम्ही सिमेंट काढायला घेतले तेव्हा मात्र त्याच्याबरोबर चिऱ्याचा दर्शनी भागही भुगा होऊन हातात येऊ लागला, आणि पुन्हा सिमेंट लावायचे नाही हे तिथेच ठरले.

चुन्याचे वेगळेपण त्याच्या घडणीत आहे. चुनखडी किंवा शिंपले साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजले की त्यांतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळून विरतो. आणि असा विरलेला चुना भिंतीवर लावल्यावर हवेतील तोच वायू हळूहळू परत घेऊन पुन्हा दगडासारखा होतो. असा थर मजबूत होतो, पण ओल बाहेर जाण्याची वाट बंद करत नाही. अडचण आहे ती विरवण्याच्या टप्प्यावर. ते काम घरी करणे धोक्याचे आहे आणि विरलेला चुना पाण्याखाली काही आठवडे, शक्य तर काही महिने मुरवावा लागतो. सुटीच्या दिवशी काम करणाऱ्या कुटुंबाला हे जमणारे नाही, म्हणून आम्ही तयार माल मागवला.

माल २५ किलोच्या झाकणबंद बादल्यांत येतो आणि चुन्यावर चार बोटे पाणी राखलेले असते. उत्तम मुरलेला चुना लोण्यासारखा असतो, थापीला चिकटतो आणि बोटांनी चोळला तर खर लागत नाही. आम्हाला आलेल्या अठरा बादल्यांपैकी सतरा अगदी अशाच निघाल्या. उरलेल्या एका बादलीत न विरलेले बारीक खडे होते. ते आमच्या लक्षात आले नाहीत आणि माजघराच्या भिंतीवर दोन आठवड्यांनी मोहरीएवढ्या फुटकुळ्या उठल्या, कारण असे खडे गिलाव्यात बसल्यावर ओल पिऊन फुगतात. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. त्यांनी वाद न घालता बादली बदलून दिली आणि उरलेल्या बादल्याही चाळून घ्या, असे स्वतःहून कळवले. त्यानंतर आम्ही प्रत्येक बादली कापडातून गाळूनच वापरली.

मला या विक्रेत्याचा खरा उपयोग झाला तो सल्ल्याचा. मी सगळ्या घरासाठी एकदम मागणी नोंदवत होते, तेव्हा त्यांनी आधी एकाच भिंतीपुरता माल घ्या, तुमची वाळू कशी वागते ते पाहा, असे सुचवले. वाळू खाडीची नको, क्षार नसलेली आणि जाडी-बारीक मिसळलेली हवी. चुना एक आणि वाळू तीन हे माप घमेल्याने धरा. जोत्यालगतच्या तीन फुटांत सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळा, म्हणजे ओलसर जागीही तो भाग घट्ट धरेल. या सर्व सूचना त्यांनी फोनवर सावकाश, माझे शंकानिरसन होईपर्यंत सांगितल्या. सुरकीचा सल्ला सर्वांत मोलाचा ठरला, कारण स्वयंपाकघराची मागील भिंत तिच्याशिवाय आठवडाभर मऊच राहिली होती.

त्यांनी दिलेल्या गूळ आणि हिरड्याच्या पाण्याबद्दल मात्र मी तितकीशी समाधानी नाही. ही परंपरा खरी आहे आणि आपल्या गडांवर दिसणाऱ्या चुन्याच्या घाण्या पाहिल्या की जुने लोक चुना किती मेहनतीने मळत असत, हे कळते. परंतु हिरड्याच्या पाण्याने आमच्या गिलाव्याला तपकिरी झाक आली आणि वरून सफेदीचे दोन हात जास्त द्यावे लागले. आतल्या थरात ते घालावे, वरच्या थरात टाळावे, असे माझे मत झाले आहे.

काम शिकण्यासारखे आहे, पण घाई करणाऱ्याचे नाही. प्रत्येक थर सुमारे ८ ते १० मिलिमीटरचा, त्याआधी भिंत भरपूर भिजवायची, थर लावल्यावर आठवडाभर ओले गोणपाट टांगून सांभाळायचे. एप्रिलच्या उन्हात आम्ही एका रविवारी गोणपाट न लावताच परतलो आणि पुढच्या शनिवारी पडवीच्या भिंतीवर जाळ्यासारख्या भेगा दिसल्या. तो सगळा पट्टा काढून पुन्हा करावा लागला. बाबांनी ओळंबा आणि रंधा सांभाळला, आईने आणि आत्याने मिश्रण, माझ्या धाकट्या भावाने वरचे भाग. तिसऱ्या खोलीपर्यंत आमचा हात इतका बसला की गावातील एक वयस्कर गवंडी येऊन भिंतीवर तळहात फिरवून गेले आणि कोपरा कसा धारेवर आणायचा ते दाखवून गेले.

उणिवा दोन आहेत आणि त्या विक्रेत्याने दूर कराव्यात. बादलीवर चुना कधी विरवला त्याची तारीख नसते. मुरवणीचा काळ हाच मालाचा गुण असताना ती छापलेली असायला हवी. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. चुना त्वचा आणि डोळे भाजू शकतो, तरीही हातमोजे, चष्मा, डोळ्यात उडाल्यास बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जाणे, यांपैकी एकही सूचना बादलीवर नाही. आत्याच्या मनगटावर पहिल्याच दिवशी चट्टे उठले, आणि आम्ही मोजे त्यानंतर आणले.

साहित्याचा खर्च सिमेंटच्या साधारण दीडपट आला, वाहतूक धरून. वरून आम्ही प्लॅस्टिकचा रंग न देता चुन्याचीच सफेदी दिली, दुधाइतकी पातळ, पाच हात, पडवीत थोडी काव मिसळून. भिंतीचा श्वास रंगाने बंद केला तर चुन्यावर केलेला खर्च वाया जातो. पहिली खोली जानेवारीत पूर्ण झाली होती आणि तिने एक अख्खा पावसाळा पाहिला. जुलैत भिंत हाताला गार लागत होती, खालचे दोन फूट गडद दिसत होते, आणि ऑक्टोबरात तेच दोन फूट पोपडा न निघता, लोणा न दिसता पुन्हा पांढरे झाले.

उरलेल्या दोन खोल्यांसाठी बारा बादल्यांची मागणी याच विक्रेत्याकडे नोंदवली आहे, तारीख लिहून पाठवण्याच्या विनंतीसह.