बोर्ड गेला, फोन बदलून मिळाला, पण माझ्या काचेचं काय?

फोन कुठला ते सांगत नाही, त्याचा कॅमेरा-प्रोसेसर सगळ्यांना पाठ आहे आणि रडगाणं त्याचं नाहीच. २१,९९९ ला दसऱ्याच्या ऑफरमध्ये घेतलेला, नऊ महिने एक तक्रार नाही. जुलैत एका रात्री चार्जिंगला लावून झोपलो, सकाळी बघतो तर लोगो येतोय, जातोय, परत येतोय. बटणं दाबून झाली, भाच्याने फोनच्या रिकव्हरी मेनूत जाऊन कॅशे (साठलेल्या तात्पुरत्या फाइली) पुसून बघितली, शेवटी तो म्हणाला मामा बोर्ड गेलाय, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, सर्व्हिस सेंटरला न्या.

मी कराडचा, सेंटर साताऱ्यात. हायवेच्या सहापदरीच्या कामामुळे तासाचा रस्ता पावणेदोन तासांचा झालेला, त्यात मेडिकल बंद ठेवून जायचं. काउंटरवरच्या मुलीने आधी सिमचा ट्रे काढला आणि आत टॉर्च मारला. तिथे आत पांढरी टिकली असते, पाणी लागलं की ती लाल-गुलाबी होते, आणि लाल झाली की वॉरंटी संपली, मग तुम्ही काहीही सांगा. मी जुलैच्या पावसात फोन शर्टाच्या खिशात घेऊन फिरणारा माणूस, तेवढे पाच सेकंद श्वास धरून उभा होतो. "व्हाइट आहे सर" म्हणाली तेव्हा सुटलो.

मग जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याचा कागद. सही करायच्या आधी नीट वाचा, माझ्यात "कोपऱ्याला डेंट" लिहिलेलं होतं, तो डेंट म्हणजे कव्हरची घाण होती, बोटाने पुसून दाखवली आणि खोडायला लावलं. हे राहिलं असतं तर उद्या "फोन पाडलाय" म्हणून अंगावर आलं असतं. सिम, मेमरी कार्ड आणि कव्हर आपल्याकडे ठेवायचं. आणि डेटा जाईल याला वेगळी सही. मी म्हटलं जुन्या बोर्डवरून फोटो तरी काढून द्या, तर म्हणाली मेमरीची चिप बोर्डलाच सोल्डर केलेली असते आणि आतला डेटा लॉक, त्याची किल्ली त्याच प्रोसेसरमध्ये, त्यामुळे चिप उपटून दुसरीकडे लावली तरी उपयोग नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप आहे ना म्हणून मी निवांत होतो. पण आता तो बॅकअप गूगलच्या १५ जीबीत मोजतात, माझे १५ जीबी एप्रिलमध्येच भरलेले आणि तेव्हापासून बॅकअप अडकलेला, मला पत्ताच नाही. एप्रिल ते जुलै सगळं गेलं, स्टॉकिस्टचे (औषधांच्या घाऊक पुरवठादाराचे) रेट, पुतण्याच्या जावळाचे फोटो, सगळं.

हे सगळं मी सोसलं. जे सोसलं नाही ते ऐका.

फोन बंद पडायच्या ११ दिवस आधी मी स्टँडसमोरच्या पोराकडून स्क्रीनवर ३५० रुपयांची टेम्पर्ड काच बसवली होती. एक बुडबुडा नाही. त्या मुलीने माझ्यासमोर नख घालून ती टर्रकन ओढली, दोन तुकडे झाले आणि कचऱ्याच्या डब्यात. मी म्हटलं मॅडम, बोर्ड मागच्या बाजूने निघतो, मी यूट्यूबवर बघितलंय, काच पुढे आहे, तिने काय घोडं मारलं? "सर टेस्टिंगला काढावीच लागते, ॲक्सेसरी वॉरंटीत येत नाही." बावीस हजाराच्या फोनचा बोर्ड फुकट बदलणार म्हणून मी खूश व्हावं हे मला मान्य आहे, पण विचारायला काय जातं? आम्ही क्रोसिनची अर्धी पट्टी कापताना पण गिऱ्हाईकाला विचारतो.

९ दिवसांनी फोन दुरुस्त होऊन हातात आला, नवा बोर्ड. नवी काच बसवली, परत ३५०. १७ दिवस चालला आणि नेटवर्क गेलं, दोन्ही सिमला "नो सर्व्हिस". परत सातारा, परत टॉर्च, परत काच टर्र. या वेळी बोर्ड स्टॉकला नाही, वरून अप्रूव्हल आलं तर हँडसेटच बदलून देऊ, म्हणाले. किती दिवस? "मेसेज येईल सर." १२ दिवस मेसेज नाही. मग मी १९१५ ला फोन लावला, ही ग्राहक हेल्पलाइन, बिल आणि जॉबशीटचा नंबर सांगून तक्रार नोंदवली, पैसे काही नाहीत. तिसऱ्या दिवशी कंपनीतून स्वतःहून फोन, इतकं गोड बोलत होते की आधी वाटलं राँग नंबर. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन हातात.

रिप्लेसमेंट म्हणजे खोक्यातला करकरीत फोन असं डोक्यात असेल तर काढून टाका. बबलच्या पिशवीत नुसता हँडसेट येतो, चार्जर नाही, केबल नाही, सिमची पिन पण नाही. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात "नवीन किंवा रिफर्बिश्ड" (म्हणजे दुरुस्त करून नीट केलेला जुना) लिहिलेलं असतं, ते मी तेव्हा वाचलं. माझा निळा होता, हिरवा आला. बायको म्हणाली, "अहो, हा आपला नाहीच, परत द्या." आणि वॉरंटी नव्याने वर्षभर नाही, जुन्या बिलाच्या तारखेपासून जेवढी उरली तेवढीच, म्हणजे मला सव्वा महिना.

तिथेच *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, बघा. तो बदललेला असणार, म्हणजे तुमचं बिल आणि कपाटावर जपून ठेवलेलं खोकं दोन्ही आता दुसऱ्याच फोनचे. म्हणून जुना-नवा दोन्ही नंबर लिहिलेलं, शिक्क्याचं पत्र घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, मला ते मागून घ्यावं लागलं. मी केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून नवा नंबर १४४२२ वर मेसेज पण केला, मॉडेल बरोबर आलं, ब्लॅकलिस्टमध्ये (चोरीचे वगैरे म्हणून बंद केलेल्या फोनच्या यादीत) नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला.

यूपीआयचं तर कुणी सांगतच नाही. फोन बदलला की पहिले २४ तास ५,००० च्या वर पैसे जात नाहीत. बायकोचा जुना फोन, मग दुरुस्त झालेला, परत बायकोचा, मग हा हिरवा, असं चार वेळा रजिस्टर केलं, आणि नेमकं एकदा स्टॉकिस्टचं ११,४०० चं बिल, माणूस दारात उभा. गल्ल्यातली चिल्लर मोजून दिली त्याला.

इथपर्यंत सप्टेंबरात तिरमिरीत लिहून ठेवलेलं, टाकायचं राहिलं. तेव्हा खाली "परत या कंपनीचं तोंड बघणार नाही" असं पण होतं, ते खोडलं. आता फेब्रुवारी चालू आहे, पाच महिने झाले आणि खरं सांगायचं तर हा हिरवा त्या निळ्यापेक्षा बरा चाललाय. निळा दुपारी दुकानात हॉटस्पॉट लावला की तापायचा, हा नाही तापत. बॅटरी रात्री दहाला २५ टक्के शिल्लक, निळ्याला आठलाच चार्जर लागायचा. म्हणजे मुळात माझाच पीस खराब होता, नऊ महिने मला वाटायचं सगळ्यांचे असेच तापतात.

मध्ये एक्स्चेंजला किंमत विचारली तर दुकानदाराने बिल बघितलं, फोन बघितला, म्हणाला नंबर जुळत नाही काका, ५०० कमी होतील. शिक्क्याचं पत्र दाखवल्यावर गप्प बसला. पण ते पत्र बिलाच्याच पिशवीत ठेवा, बिलाच्या थर्मल कागदावरची अक्षरं आत्ताच फिकी व्हायला लागलीयत, मी झेरॉक्स काढून ठेवलीय.

दोन काचांचे ७०० मात्र अजून डोक्यात आहेत. कंपनीचा "सेवेबद्दल समाधानी आहात का" असा फोन आला होता, १० पैकी मार्क द्या म्हणे. मी ७ दिले आणि तीन कशाचे कापले तेही सांगितलं. पलीकडची मुलगी जरा थांबून म्हणाली, "सर, टेम्पर्ड ग्लास असं लिहू का रिमार्कमध्ये?" म्हटलं लिहा, दोन लिहा.

सध्या ८० रुपयांची साधी काच लावलीय. कोपऱ्यात बुडबुडा आहे.