कळंबोलीतलं ट्रकचं पीयूसी सेंटर : इथे खरंच सायलेन्सरमध्ये प्रोब घालतात

कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला एक पीयूसी सेंटर आहे, पत्र्याची शेड, पुढे एका वेळी दोनच मोठ्या गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा. आमच्या सगळ्या गाड्यांचं पीयूसी आता तिथेच होतं, दहा चाकी असो, चौदा टायर असो नाहीतर नवीन बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमाची गाडी) असो. ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारतं की हेवी गाडीचं पीयूसी कुठे करायचं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी हे सांगतो की मी इतकं का लिहितोय. बहुतेक ठिकाणी ट्रकचं पीयूसी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी लावा, नंबर प्लेटचा फोटो, पैसे, कागद हातात, चला. मागच्या वेळी हायवेवरच्या एका सेंटरला आमच्या एका गाडीचं असंच झालं, ड्रायव्हरने इंजिन बंदच ठेवलं होतं आणि सर्टिफिकेटवर मात्र रीडिंग छापून आलं, आरपीएमसकट, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय त्याच्यासकट! इंजिन बंद असताना आरपीएम कुठून आला? मी त्या माणसाला फोन करून विचारलं तर म्हणतो शेठ पास झालीय ना, मग टेन्शन कशाला. अरे पण मला गाडीचा धूर किती आहे ते कळायला पाहिजे ना, त्याचेच तर पैसे देतोय मी.

तर हे कळंबोलीचं सेंटर. मशीनवर एक ताई असते, वय फार नाही पण कामाला एकदम पक्की. गाडी आली की पहिला प्रश्न, किती वेळ चालून आलीय? इंजिन थंड असेल तर ती टेस्ट लावतच नाही. ऑइलचं टेम्परेचर किमान ६० डिग्री पाहिजे असा नियमच आहे, त्यासाठी डिपस्टिकच्या जागी टेम्परेचरची वायर घालते, आरपीएमचा सेन्सर लावते, आणि मग स्मोक मीटर, म्हणजे धूर मोजायचं मशीन, चालू. मी पहिल्यांदा स्वतः गेलो होतो तेव्हा बघत उभा राहिलो, मशीनच्या दोन्ही बाजूच्या काचा तिने मऊ कापडाने पुसल्या, झिरो घेतला, मग डब्यातून एक काळसर काच काढून मध्ये सरकवली आणि त्या काचेवर लिहिलेला आकडा स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळतो का ते बघितलं. मशीन बरोबर मोजतंय का हे बघायची ती काच. इतक्या वर्षांत ही काच बाहेर निघालेली मी दुसऱ्या कुठल्याच सेंटरला पाहिली नाही.

आता टेस्ट कशी होते ते पण सांगतो कारण आपल्या लोकांना वाटतं की नुसती नळी घातली की झालं. डिझेल गाडीची जी टेस्ट आहे तिला फ्री ॲक्सिलरेशन म्हणतात. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला, आधी दोन-तीनदा जोरात रेस मारून पाइपातली साठलेली काजळी उडवून टाकायची, ती मोजत नाहीत. मग आयडलवर (रेस न देता नुसतं चालू) आणायची आणि एका झटक्यात पूर्ण ॲक्सिलरेटर, गव्हर्नरने (इंजिनचा वेग रोखणारा भाग) आरपीएम अडेपर्यंत दाबून धरायचा आणि सोडायचा, परत आयडल, परत तेच. प्रोबमधून धूर मशीनमध्ये जातो, तिथे एका टोकाला लाइट आणि दुसऱ्या टोकाला सेन्सर, धुराने लाइट जितका अडला तितकं रीडिंग जास्त. रीडिंग एकमेकांच्या जवळ यायला लागली की त्यांची सरासरी काढतात. एक रीडिंग २.१ आणि पुढचं ०.८ असं असेल तर काहीतरी गडबड आहे, परत घ्या.

आणि गडबड बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या पायात असते. हळूहळू दाबला किंवा अर्धाच दाबला की धूर कमी येतो, ही युक्ती सगळ्या लाइनवर माहीत आहे. पण आरपीएमचा सेन्सर लावला असेल तर स्क्रीनवर लगेच दिसतं की इंजिन वरपर्यंत गेलंच नाही. आमचा ड्रायव्हर जौनपूरकडचा, जुना माणूस, इंजिनची काळजी म्हणून सावकाश दाबत होता, तर ताई खिडकीपाशी जाऊन त्याला म्हणाली, "चाचा, एकदम पूरा दबाओ, मैं बोलूँगी तब छोडना." तोही लगेच तयार झाला. दुसऱ्या ठिकाणी असतं तर तसंच छापून दिलं असतं.

लिमिट काय आहे ते माहीत असू द्या. बीएस फोरच्या आधीच्या गाड्यांना २.४५, बीएस फोरला १.६२. हा के चा आकडा, म्हणजे धूर लाइट किती अडवतो त्याचं माप, काही जण एचएसयू या दुसऱ्या मापात बोलतात तर तेच अनुक्रमे ६५ आणि ५०. जुन्या गाड्यांचं पीयूसी सहा महिने चालतं आणि बीएस फोर, बीएस सिक्सचं एक वर्ष. नवीन गाडीला पासिंगपासून पहिलं वर्ष लागत नाही.

आमची एक २०१८ ची चौदा टायर आहे, बीएस फोर, ती इथे फेल झाली. रीडिंग २.३ च्या आसपास. मी म्हटलं मागच्या वेळी तर १.१ आलं होतं (त्याच हायवेवाल्याकडे, म्हणजे तो आकडा कसा आला असेल ते आता कळतंच). ताईने वाद घातला नाही, परत एकदा टेस्ट घेतली, तेच आलं, आणि तिने रिजेक्शन स्लिप काढून दिली. २०२१ पासून ही स्लिप द्यायचा नियम आहे, तिच्यावर किती आलं आणि लिमिट किती ते असतं आणि ती घेऊन गाडी दुरुस्तीला नेता येते. किती सेंटरवाले देतात सांगा बरं. वर हेही म्हणाली की काळा धूर आहे म्हणजे हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त जातंय, आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे (इंजिनात जास्त हवा ढकलतो तो) पाइप बघा, लगेच डिझेलचे नोझल-पंप खोलायला देऊ नका. हे सांगणं तिचं काम नाही, पण सांगितलं. मेस्त्रीने बघितलं तर टर्बोपासून इंटरकूलरला जाणाऱ्या होसची क्लॅम्प सैल, होसला चीर, सगळी हवा बाहेर, आणि फिल्टर तर मातीने भरलेला. होस आणि फिल्टर बदलला, नोझलला हातसुद्धा लावला नाही, परत नेली तर ०.९. घाटात गाडी ओढत नाही म्हणून ड्रायव्हर कधीपासून ओरडत होता ते पण गेलं, आणि डिझेलचा ॲव्हरेज सुधारला तो वेगळाच.

म्हणून माझं म्हणणं हे आहे की खरी टेस्ट मालकाच्या फायद्याची आहे. खोटं सर्टिफिकेट घेऊन आपण दीडशे रुपयांत कागद घेतो आणि महिनोन्‌महिने पाइपातून डिझेल जाळतो. आणि पैसे बाजूला ठेवा, तो धूर कोण खातं? ड्रायव्हर, क्लिनर, पार्किंगमध्ये चहा विकणारे, कळंबोली-तळोजा पट्ट्यात राहणारी माणसं, आपलीच पोरं. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच पक्कं सांगितलंय, सगळ्यात वरच्या गटात टाकलंय. आमचे ड्रायव्हर रात्री रांगेत इंजिन चालू ठेवून झोपतात, त्यांच्या छातीचा विचार मालकाने नाही करायचा तर कोणी करायचा.

आता जे कमी आहे ते पण लिहितो.

जागेचा प्रॉब्लेम मोठा आहे. संध्याकाळी गेलात तर बाहेर लाइन लागते, लाइनमध्ये तासभर आयडलवर उभी राहिली की पाइपात काजळी साठते आणि बंद करून ठेवली तर इंजिन थंड होतं, दोन्हीकडून टेस्टला त्रास. सर्व्हर गेला तर काहीच होत नाही, सगळं सरकारच्या 'वाहन' पोर्टलला जोडलेलं आहे, तेव्हा बसून राहा. दुपारी जेवायला शेड बंद, एकच माणूस मशीन चालवणारा असल्यामुळे तेही समजू शकतो पण ट्रेलर घेऊन आलेल्याने कुठे थांबायचं? बाथरूम नाही, सावली नाही. शेजारी टायरवाला आहे त्याच्या बाकड्यावर ड्रायव्हर बसतात. मालकाने शेड थोडी वाढवून एक पंखा आणि चार खुर्च्या टाकल्या तर फार बरं होईल.

दुसरी गोष्ट सेंटरची नाही, टेस्टचीच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमची बीएस सिक्स गाडी नेली तेव्हा रीडिंग जवळजवळ शून्य. येणारच, डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर आहे, काजळी तिथेच अडकते. (उलट बीएस सिक्सला रीडिंग चढलं तर समजून जा की डीपीएफ फुटलंय नाहीतर कोणीतरी काढलंय.) पण बीएस सिक्सचा खरा खर्च आणि खरी भानगड नॉक्सची, म्हणजे धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड वायूंची आहे. इंजिन पास करताना वेग आणि लोड कमीजास्त करत जी टेस्ट असते तिच्यात बीएस फोरला किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम नॉक्स चालायचं, बीएस सिक्सला ०.४६. इतकं खाली आणण्यासाठी सायलेन्सरच्या लाइनमध्ये एससीआर नावाची यंत्रणा बसवली, त्यात ॲडब्लू म्हणजे साडेबत्तीस टक्के युरियाचं पाणी फवारलं जातं आणि नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी होतं. आता हे नॉक्स आपलं स्मोक मीटर मोजतच नाही! ते मशीन फक्त लाइट अडतो का एवढंच बघतं. म्हणजे कोणी ॲडब्लूचे पैसे वाचवायला एमुलेटरचा डबा लावला, ईसीयूला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला ॲडब्लू चालू आहे असं फसवलं, तरी ती गाडी पीयूसीला झकास पास होणार. मी ताईला विचारलं तर म्हणाली हो, माझ्या मशीनला ते दिसत नाही. खरं ते बोलली.

आणि टेस्ट उभ्या गाडीवर होते, रिकाम्या इंजिनवर. माल भरून बोरघाट नाहीतर कसारा चढताना काय निघतं त्याचा यात पत्ता लागत नाही. कॅलिफोर्नियात आता काय करतात, १४,००० पाउंड म्हणजे साधारण ६,३५० किलोच्या वरच्या डिझेल गाड्यांना ठरावीक मुदतीने टेस्ट द्यावी लागते, बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या गाड्यासुद्धा सुटत नाहीत, आणि २०१३ आणि त्यानंतरच्या इंजिनला धूर न मोजता सरळ ओबीडीचा प्लग लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधून डेटा घेतात, एससीआर, डीपीएफ, सेन्सर, सगळ्यांचे फॉल्ट कोड. त्यापेक्षा जुन्या गाड्यांना धुराची टेस्ट आणि सोबत सगळे पार्ट जागेवर आहेत का ते डोळ्यांनी तपासणं. आपल्या बीएस सिक्सलाही ओबीडी आहेच की! प्लग आहे, डेटा आहे, फक्त पीयूसीला तो कोणी वाचत नाही. परिवहन खात्याने हेवी गाड्यांपासून तरी हे चालू करावं असं मला मनापासून वाटतं, जे मालक इमानदारीने ॲडब्लू भरतात त्यांनाच आज भाड्यात मार बसतोय, कारण एमुलेटरवाला दोन पैसे कमी सांगून माल उचलतो.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते म्हणजे आहे ती टेस्ट नीट करून घेणं. रेट बोर्डवर लिहिलेला आहे, डिझेलला दीडशे, तेवढेच घेतात, चहापाणी मागत नाहीत, ऑनलाइन पैसे चालतात. फेल झाली तर ताई तोंड वाकडं करत नाही आणि पैसे देऊन पास करा म्हटलं तर सरळ नाही म्हणते, माझ्यासमोर एका मालकाला तिने परत पाठवला, तो बराच आवाज चढवत होता पण ही शांत. अशा माणसाला गिऱ्हाईक मिळालं पाहिजे, नाहीतर शेजारचा फोटो काढून छापणारा धंदा खाऊन टाकेल.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा जागेचा आणि सावलीचा कापला.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, गाडी रस्त्यावरून चालून थेट आणा म्हणजे इंजिन गरम असेल. आरसीची कॉपी आणि मालकाचा मोबाईल नंबर ड्रायव्हरकडे द्या, मेसेज मालकालाच येतो. आदल्या दिवशी एअर फिल्टर आणि टर्बोचे क्लॅम्प बघून घ्या. ट्रेलर असेल तर शेडच्या बाजूने आत घालू नका, पुढच्या कट्ट्यापाशी टर्न बसत नाही, थोडं पुढे जाऊन मोकळ्या प्लॉटवरून फिरवून आणा, ताईचा भाऊ येऊन साइड दाखवतो.