परळचं पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसाची टेस्ट) आणि एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन) सेंटर, बाबांच्या संधिवातासाठी गेलो होतो

घरात कुणाला रुमॅटॉइड संधिवात असेल तर हे वाचा, थोडं लांबलंय. सेंटरचं नाव टाकत नाही कारण तक्रारपण लिहितेय, परळला हॉस्पिटलांच्या जवळ आहे एवढं पुरे.

बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, संधिवात जुना, अँटी सीसीपी (या संधिवाताची रक्ततपासणी) पहिल्यापासून खूप वाढलेलं आणि पूर्वी बिडी होती. मध्यंतरी कोरडा खोकला लागला, जिना चढला की दम लागायचा, सगळे म्हणाले मुंबईची हवा आहे, वय झालंय, एक्सरे काढला तो पण क्लिअर आला. पण आमच्या रुमॅटॉलॉजिस्ट मॅडमनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाल्या खाली दोन्ही बाजूंना वेल्क्रो उघडताना येतो तसा आवाज येतोय, आणि लगेच छातीचा एचआरसीटी आणि डीएलसीओसकट (फुप्फुसातून गॅस रक्तात किती जातो ते मोजतात) पीएफटी लिहून दिलं.

हा आजार फक्त सांध्यांचा नाही हे खूप जणांना माहितीच नसतं. साधारण दहातल्या एका पेशंटला फुप्फुसात आयएलडी होतो, म्हणजे फुप्फुसाच्या आतल्या जाळीला सूज येते आणि पुढे ती कडक होत जाते, आणि काहींना तर सांधे दुखायच्या आधीच हे सुरू झालेलं असतं. संधिवात बायकांना जास्त होतो पण हा फुप्फुसाचा त्रास पुरुषांना, वय झालेल्यांना, बिडी सिगरेट ओढलेल्यांना आणि अँटी सीसीपी जास्त असलेल्यांना जास्त, म्हणजे आमचे बाबा सगळ्यातच बसतात. सुरुवातीचा आजार एक्सरेत दिसत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्येही असा धोका असलेल्यांची तपासणी पीएफटी आणि एचआरसीटीने करा असंच आहे, एक्सरेवर विसंबू नका.

आता सेंटरबद्दल. पीएफटी करणाऱ्या ताईंना पैकीच्या पैकी मार्क. आधी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मागितला, कारण डीएलसीओचा आकडा त्याप्रमाणे दुरुस्त करावा लागतो, मग खोकला कधीपासून, घरात ओल आहे का, खिडकीत कबुतरं बसतात का सगळं विचारलं. बाबांची बोटं वाकलीत, त्यांना माउथपीस धरता येईना, तर स्वतः धरून उभ्या राहिल्या, "काका जोरात, अजून, अजून, सोडू नका" असं प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहाने. डीएलसीओमध्ये गॅस आत ओढून साधारण दहा सेकंद श्वास धरायचा असतो, बाबांना खोकला यायचा, तर मध्ये बसवून, पाणी देऊन परत घेतलं, घाई अजिबात नाही. आणि नुसती स्पायरोमेट्री, म्हणजे पीएफटीतला जोरात फुंकायचा साधा भाग, करून घरी आलो असतो तर काही कळलंच नसतं, कारण त्यात आकडे बरे होते, कमी आला तो डीएलसीओ. म्हणून बुकिंग करताना डीएलसीओ होतं का हे विचाराच, बऱ्याच ठिकाणी मशीनच नसतं.

सीटीच्या बाजूला मात्र अनुभव चांगला नाही. टेस्ट दोनचार मिनिटांची, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, पण हात डोक्यावर न्यायचे आणि नंतर पालथं झोपून परत काही फोटो. ज्याचे खांदे धरलेत त्याला हे किती कठीण आहे याचा त्या मुलाला पत्ताच नव्हता, नुसतं "हात वर घ्या, अजून वर", शेवटी मीच आत जाऊन बोलले तेव्हा उशी दिली. रिपोर्टमध्ये तर संधिवाताचा उल्लेखच नाही, जुना टीबी असू शकतो असं लिहिलेलं, वाचून आईचं बीपी वाढलं. मी फोन केला, मॅडमची चिठ्ठी आणि अँटी सीसीपी पाठवलं, मग रेडिओलॉजिस्टनी परत बघून पुरवणी रिपोर्ट दिला आणि त्यात आयएलडी आणि त्याचा पॅटर्न नीट लिहिला. दुरुस्ती पटकन केली हे खरं, पण फॉर्मवर आजार विचारायला काय हरकत आहे?

नातेवाइकांचं लगेच सुरू झालं की संधिवाताच्या मेथोट्रेक्सेट गोळीनेच फुप्फुसं गेली, बंद करा. मॅडमनी सांगितलं त्या गोळीची अचानक येणारी रिॲक्शन असते पण ती क्वचित, आणि हा हळूहळू वाढणारा आजार तिच्यामुळे होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तेव्हा स्वतःहून काहीच बंद करू नका. बाबांची औषधं आता त्या आणि छातीचे डॉक्टर मिळून ठरवतायत, पुढची पीएफटी त्याच ताईंकडे करणार, सीटी दुसरीकडे.

जाणार असाल तर पहिली सकाळची वेळ घेऊ नका, सकाळी सांधे आखडलेले असतात, अकरानंतरची मागा, मागितली की देतात. आणि संधिवाताची फाईल सीटीच्या काउंटरवर स्वतःहून पुढे करा.