पल्स मोटरचं ‘फुकट वीज’ किट घेण्याआधी

घरच्या घरी पल्स मोटर (कॉइलला करंटचे थांबून-थांबून झटके देऊन चुंबकांचं चाक फिरवणारी मोटर) बनवायचं किट विकणारे बरेच दिसतात. मीही एकाकडून घेतलं. चुंबकं बसवलेलं चाक, कॉइलची तार, ट्रान्झिस्टर, डायोड, सगळं सामान आलं आणि मोटर फिरलीसुद्धा. फसवणूक होती ती दाव्यात: कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा स्पाइक (क्षणभराची उसळी) पकडून दुसरी बॅटरी भरायची, मग बॅटऱ्यांची अदलाबदल करायची, की मोटर बाहेरून काही न घेता कायम चालेल!

स्पाइक खोटा नाही. कॉइलमधला करंट एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा वाट शोधते आणि १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलच्या टोकांवर काही शे व्होल्ट येतात. गाडीच्या इग्निशन कॉइलचं काम यावरच चालतं. लबाडी हिशोबात होती. माहितीपत्रकात स्पाइक ३०० व्होल्ट, करंट १ अँपिअर, म्हणून ‘आउटपुट ३०० वॅट’ असं ठोकून दिलं होतं. हे ३०० वॅट टिकतात किती वेळ, यावर अवाक्षर नाही.

१० मिलिहेन्रीची कॉइल धरा. तिच्यात १ अँपिअर वाहत असताना साठलेली ऊर्जा म्हणजे इंडक्टन्सचा (हेन्रीत मोजतात तो कॉइलचा गुण, इथे १० मिलिहेन्री) निम्मा भाग गुणिले करंटचा वर्ग, म्हणजेच ५ मिलिज्यूल. ३०० व्होल्टचा स्पाइक ही पुंजी सुमारे ३३ मायक्रोसेकंदांत संपवतो. सेकंदाला १०० पल्स धरले तरी सरासरी अर्धा वॅट. तोही पहिल्याच बॅटरीने दिलेला, आणि तारेत उष्णता होऊन गेलेली व चाकाच्या घर्षणात मुरलेली वीज त्याच बॅटरीच्या खात्यावर वेगळी.

व्हिडिओतली चलाखी तर दाद द्यावी अशी. एका दृश्यात नियॉनचा छोटा दिवा लखलखतो: बघा, किती व्होल्टेज! दुसऱ्यात मल्टिमीटरवर दुसऱ्या बॅटरीचे व्होल्ट चढताना दिसतात. दोन्ही एकाच वेळी कधीच दिसत नाहीत, कारण ते होऊच शकत नाही. दुसरी बॅटरी जोडली की डायोडमधून करंट तिच्यात जातो आणि स्पाइक तिच्या व्होल्टेजच्या आसपासच दाबला जातो. साधा नियॉन दिवा पेटायला ७०-९० व्होल्ट लागतात. म्हणजे तो लखलखतो तेव्हा बॅटरी काढलेली असते.

आणि ते चढणारे व्होल्ट? ‘दुसरी बॅटरी जुनी, मेलेली घ्या, परिणाम लवकर दिसेल,’ असा सल्ला किटसोबत होता. दिसणारच. सल्फेट साचून क्षमता गमावलेल्या लेड-ॲसिड बॅटरीत थोडा चार्ज गेला तरी व्होल्टेज भराभर वर जातं आणि लोड (वीज खाणारं काही) लावला की तितक्याच वेगाने कोसळतं. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरली, हे चार्जिंग थांबवून काही तास विश्रांती दिल्यावरच म्हणता येतं, आणि तेही धड बॅटरीबद्दल.

म्हणून मी दोन्ही बॅटऱ्या चांगल्या आणि सारख्या घेतल्या आणि मोटर चालवण्याआधी व नंतर एकाच रेझिस्टरवर १०.५ व्होल्टपर्यंत उतरवून वॅट-तास मोजले. पहिलीतून जेवढे गेले, त्याहून दुसरीत बरेच कमी सापडले. हे विक्रेत्याला कळवल्यावर त्याची उत्तरं बदलत गेली. आधी बॅटऱ्यांना ‘सवय’ व्हायला हवी होती, मग कॉइलची तार चुकीच्या जाडीची होती (जी त्यानेच पाठवली होती), शेवटी एका कॉइलवर परिणाम दिसत नाही, मोठं किट घ्या. पैसे परत मागितल्यावर अट निघाली: तार गुंडाळलेली असेल तर माल परत घेत नाही. तार न गुंडाळता मोटर तपासायची कशी, हे त्याने सांगितलं नाही.

असे विक्रेते पेटंट हमखास पुढे करतात. अमेरिकी संशोधक जॉन बेडिनींना अशा मोटरसाठी २००२ आणि २००३ साली अमेरिकी पेटंट मिळाली, हे खरंच आहे. पण पेटंट मिळालं म्हणजे यंत्र घेतल्यापेक्षा जास्त ऊर्जा देतं, असं कुणी मोजून दाखवलेलं नसतं. असाच दावा करणाऱ्या जोसेफ न्यूमन यांचं कॉइल-चुंबकाचं यंत्र मात्र खरोखर मोजलं गेलं: १९८६ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी मोजमाप संस्थेने चाचणी घेतली, आउटपुट इनपुटपेक्षा कमीच भरलं आणि १९८९ साली अपील कोर्टानेही पेटंटची मागणी फेटाळली.

किट घ्यायचंच असेल तर विक्रेत्याकडे दोन्ही बॅटऱ्यांचे लोडवर मोजलेले वॅट-तास मागा. नुसत्या व्होल्टचा फोटो आला, तर व्यवहार तिथेच थांबवा.