सिरॅमाइडचे मलम: गुण चांगला, खोक्यावरचे शास्त्र कच्चे

जानेवारीत पहाटे वेताळ टेकडीवर फिरून आले की माझ्या नडग्यांवर पांढरे खवले दिसू लागतात, म्हणून सदाशिव पेठेतल्या एका औषधाच्या दुकानातून साडेचारशे रुपयांची सिरॅमाइडयुक्त (सिरॅमाइड म्हणजे त्वचेचा ओलावा धरून ठेवणारा मेद) मलमाची ट्यूब आणली आणि तीन आठवडे रोज आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावली. पाचव्या दिवशी खाज थांबली, पुढे खवलेही गेले आणि साडीला डाग पडले नाहीत; तेव्हा मलमाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती खोक्यावरच्या मजकुराची. सिरॅमाइड बनवण्यासाठी त्वचेच्या पेशींना या मलमातून कच्चा माल मिळतो, असे त्यावर छापले आहे, आणि जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला ते वाचून गप्प बसवत नाही. पेशीचा कच्चा माल असतो सेरीन हे अमिनो आम्ल आणि पामिटिक आम्लाचे सक्रिय रूप, पामिटॉइल कोए. पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) पटलातले सेरीन पामिटॉइलट्रान्सफरेज हे विकर (एन्झाइम) ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेल्या सहविकराच्या मदतीने या दोहोंना जोडते, आणि सगळ्या साखळीचा वेग याच पायरीवर ठरतो. पुढे क्षपणाने (रिडक्शन) स्फिंगॅनिन हे मधले संयुग तयार होते, त्याला आणखी एक मेदाम्ल जोडले जाते आणि शेवटी एक दुहेरी बंध आला की सिरॅमाइड हाती येते. (मेंदूतून मिळालेल्या या कोड्यात टाकणाऱ्या द्रव्यांना रसायनशास्त्रज्ञ थुडिकम यांनी १८८४ साली ग्रीक पुराणातल्या कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून नाव दिले, ते उगीच नव्हे.) बाह्यत्वचेतल्या पेशी त्यातले बरेचसे सिरॅमाइड ग्लुकोज किंवा फॉस्फोकोलीन जोडून बारीक पुटिकांत (पिशव्यांत) भरतात, पेशीबाहेर ही जोड तुटते, तेव्हा ते मोकळे होते.

ट्यूबमधला माल मात्र तयारच आहे. यादीतले ‘सिरॅमाइड एनपी’ म्हणजे फायटोस्फिंगोसिन (स्फिंगॅनिनचेच भावंड) आणि मेदाम्ल यांची आधीच झालेली जोडणी. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीच्या दरजा चुन्याने भराव्यात, तसे ते सर्वांत वरच्या मृत पेशींच्या मधल्या जागेत काम करते. त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉलही यादीत आहे, हे चांगले. पण सिरॅमाइडचे नाव फेनॉक्सिएथेनॉल या एक टक्क्यापर्यंतच वापरल्या जाणाऱ्या परिरक्षकाच्याही (प्रिझर्व्हेटिव्ह) खाली आहे, म्हणजे ते फार तर एक टक्का असणार. ग्लिसरीन दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि खाज थांबल्याचे निम्मे श्रेय त्याचेच असावे, असा माझा संशय आहे.

झाकण दुसऱ्याच आठवड्यात चिरले, तेव्हापासून ट्यूब रबर बँड लावून डब्यात उभी ठेवली आहे. पुढच्या हिवाळ्यात याच मलमाची दुसरी ट्यूब आणीन.